साडेनऊ तासांचे तेरा तास

पृथ्वीचा गोल हाती घ्यावा, दोऱ्याचे एक टोक हेलसिंकीवर धरावे आणि दुसरे ताणून टोकियोवर टेकवावे. दोरा फिनलंडची पूर्व सीमा ओलांडून लगेच रशियात शिरतो, उरल पर्वताच्या उत्तर टोकावरून सायबेरियात उतरतो, सबंध सायबेरिया तिरपा कापत जातो आणि जपानच्या समुद्राशी बाहेर पडतो. लांबी भरते सुमारे ७,८०० किलोमीटर. फिनलंड आणि जपान यांच्यामध्ये एकच देश आहे हे ऐकताना नवल वाटते, पण गोलावर ते उघड दिसते. आता वेळ पाहा. १९८३ मध्ये या दोन शहरांमधली पहिली विनाथांबा विमानसेवा सुरू झाली तेव्हा प्रवासाला सुमारे तेरा तास लागत. पुढे तो साडेनऊ तासांवर आला आणि पाव शतकाहून अधिक काळ तिथेच राहिला. मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा तेरा तासांवर गेला. दोरा जागचा हलला नव्हता आणि विमाने तर पहिल्यापेक्षा कितीतरी सुधारली होती. दूरच्या दोन विमानतळांमधला वेळ विमानाच्या वेगावर ठरतो असे आपण धरून चालतो. माझ्या मते, वेगाचे गणित एकदा सुटल्यानंतर तो वेळ खालच्या भूमीचा धनी वाट देतो की नाही, आणि दिली तर कोणत्या मोलाने देतो, यावर ठरत आला आहे. युरोप आणि जपान यांच्यातल्या हवाई वाटेचा शंभर वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

ही साक्ष प्रवासी विमानांच्याही आधीपासून मिळते. जानेवारी १९२५ मध्ये जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात राजनैतिक संबंध जुळले. त्याच वर्षी ‘आसाही’ या वृत्तपत्राची दोन ब्रेगे विमाने टोकियोहून सायबेरियामार्गे मॉस्कोला आणि पुढे पश्चिम युरोपात गेली. लाकूड, कापड आणि हलक्या धातूच्या त्या विमानांना टप्प्याटप्प्याने उतरावे लागले, पण वाट मिळाली. बारा वर्षांनी, एप्रिल १९३७ मध्ये, त्याच वृत्तपत्राचे ‘कामिकाझे’ नावाचे मित्सुबिशी विमान लंडनला गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघातकी हल्ल्यांशी या नावाचा संबंध नाही. ते हानोई, कलकत्ता, कराची, बगदाद, अथेन्स, रोम अशी ब्रिटिश, फ्रेंच आणि मित्रदेशांची ठाणी धरत दक्षिणेने गेले. सरळ अंतर साडेनऊ हजार किलोमीटरांच्या आसपास असताना या फेऱ्यात १५,३५७ किलोमीटर झाले. हवेतला वेळ ५१ तास होता, आणि थांब्यांसह एकूण ९४ तासांहून थोडा अधिक. तेव्हाच्या जगाला तो विक्रम वाटला, आणि तो होताच. पण यंत्र १९२५च्या मानाने खूप पुढे गेले असताना वाट मात्र दीडपट लांब झाली होती. युद्धात हे अधिकच उघडे पडले. १९४२च्या उन्हाळ्यात इटलीचे एक साव्होया-मार्केट्टी विमान सोव्हिएत हद्दीवरून चोरून टोकियोला पोचले, तेव्हा जपानला आनंदापेक्षा संतापच अधिक झाला, कारण मॉस्कोशी तटस्थतेचा करार होता आणि तो मोडल्याचा ठपका येणार होता. पुढच्याच वर्षी जपानने आपले लांब पल्ल्याचे कि-७७ विमान जर्मनीच्या भेटीसाठी सिंगापूरहून, सोव्हिएत भूमी टाळून, हिंदी महासागरावरून धाडले. ते कुठेच पोचले नाही. त्यातल्या माणसांचा जीव ज्या वळशाने घेतला तो वळसा भूगोलाने घालायला लावला नव्हता.

हवेला मालक असतो ही कल्पना तशी नवी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच कायदेपंडित पोल फोशी यांनी हवा समुद्रासारखी सर्वांना मोकळी असावी असे मांडले होते. पहिल्या महायुद्धात आकाशातून बॉम्ब पडले आणि तो विचार मागे पडला. १९१९च्या पॅरिस कराराने, आणि नंतर ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरच्या हवेवर संपूर्ण आणि एकमेव स्वामित्व मान्य केले. शिकागोला सोव्हिएत प्रतिनिधी निघाले होते, त्यांना वाटेतूनच परत बोलावले गेले. मूळ करारात सोव्हिएत संघ १९७० साली आला. न उतरता एकमेकांच्या हद्दीवरून जाऊ देण्याचा जो वेगळा, उदार करार तिथेच झाला होता, त्यात तो कधीच आला नाही आणि रशियाही आलेला नाही. जगातला सर्वांत रुंद देश, युरोप आणि पूर्व आशिया यांच्या बरोबर मधे पसरलेला, आणि तोच या कराराबाहेर. पुढचे सगळे यातून आले.

पन्नाशीच्या दशकात कोपनहेगनहून टोकियोला जायचे म्हणजे मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशिया करत पन्नासएक तासांचा प्रवास होता. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टिम, म्हणजे सास, या कंपनीने वेगळा विचार केला. रशिया ओलांडता येत नसेल, तर त्याच्या डोक्यावरून जावे. ध्रुवाभोवतीचा महासागर कोणाच्याच मालकीचा नाही, आणि पलीकडे अमेरिकेचे अलास्का होते. या वाटेवरची खरी अडचण दिशेची होती. उत्तर ध्रुवाजवळ सगळी रेखावृत्ते एकत्र येतात, त्यामुळे दर काही मिनिटांनी ‘पूर्व’ बदलते, आणि ठेठ ध्रुवावर तर कोणत्याही बाजूला पाऊल टाकले तरी दक्षिणच. होकायंत्राची सुई चुंबकीय ध्रुव मानते. तो तेव्हा कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांत होता, म्हणून सुई भलतीकडे ओढली जाई, नाहीतर खाली वाकून निकामी होई. यावर उपाय म्हणून नकाशावर खऱ्या रेखावृत्तांऐवजी समांतर रेघांची जाळी आखण्यात आली आणि त्या जाळीप्रमाणे दिशा धरण्यासाठी फार थोडा ढळणारा भोवरा, म्हणजे जायरो, वापरण्यात आला. सूर्य क्षितिजाखाली गेला असला तरी आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून त्याची जागा सांगणारी उपकरणेही विमानात बसवली गेली. १९५४ मध्ये सासने ही पद्धत कोपनहेगन ते लॉस एंजेलिस या वाटेवर रुजवली. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पंख्यांच्या डीसी-७सी विमानांनी कोपनहेगन ते अँकरेज ते टोकियो अशी सेवा सुरू झाली आणि प्रवास बत्तीसएक तासांवर आला. एअर फ्रान्स आणि केएलएम पुढच्याच वर्षी त्या वाटेला लागल्या, जपान एअरलाइन्स १९६१ मध्ये आली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शेकडो वर्षे माणूस ज्या दिशेला जायला भ्यायचा, तिथून साधे प्रवासी झोपून जाऊ लागले. मात्र ही सगळी बुद्धी खर्ची पडली ती एका बंद दारामुळे, हे त्या गौरवाच्या कथेत सहसा सांगितले जात नाही.

अलास्कातले अँकरेज त्या दारामुळेच जगाच्या नकाशावर आले. तीस वर्षे ध्रुवाच्या वाटेने युरोप-जपान प्रवास करणारे जवळजवळ प्रत्येक विमान इंधनासाठी तिथे उतरे. तासाभराच्या त्या थांब्यात प्रवासी काचेच्या पेटीतले पेंढा भरलेले पांढरे अस्वल पाहत, आणि जपानी लोक तिथल्या उपाहारगृहात गरम उदोन खात. एका पिढीच्या जपानी माणसांना ते उदोन आजही आठवते. सायबेरियाचे दार उघडल्यावर प्रवासी विमाने तिथे उतरेनाशी झाली आणि गाव मालवाहतुकीकडे वळले.

दार उघडले ते किलकिले होत होत. एप्रिल १९६७ मध्ये एरोफ्लोत आणि जपान एअरलाइन्स यांनी मॉस्को ते टोकियो अशी संयुक्त सेवा सुरू केली. विमान सोव्हिएत, तुपोलेव्ह-११४, वैमानिक सोव्हिएत, आणि विमानाच्या अंगावर जपानी कंपनीचेही नाव. १९७० मध्ये जपानी, फ्रेंच आणि ब्रिटिश कंपन्यांना आपापली विमाने सायबेरियावरून नेण्याची परवानगी मिळाली, पण मॉस्कोला उतरण्याच्या अटीवर, आणि एरोफ्लोतला मोबदला देऊन. हा मोबदला पुढे विनाथांबा विमानांनाही लागू राहिला आणि सोव्हिएत संघ संपल्यावरही चालूच राहिला. एकट्या युरोपीय कंपन्या या वाटेसाठी वर्षाला ३० कोटी युरोंहून अधिक देत होत्या. केवळ हद्द ओलांडू दिल्याबद्दल कोणत्याही राष्ट्राने शुल्क घेऊ नये असे शिकागो कराराचे पंधरावे कलम सांगते. २००६ मध्ये रशियाने हे पैसे २०१३ पर्यंत बंद करण्याचे मान्यही केले होते, पण ते बंद झाले नाहीत. नाणेघाटातल्या दगडी रांजणात व्यापारी जकात टाकत असे आपल्याकडे सांगतात. तिथे निदान घाट बांधून दिलेला होता. सायबेरियावर रडार आणि नियंत्रकांचा खर्च होतो, हे खरे, पण त्याचे शुल्क कंपन्या वेगळे भरतच होत्या. हा मोबदला निव्वळ वाटेचा होता, आणि तो कंपन्यांनी कित्येक दशके निमूटपणे भरला. प्रवासातले तीन-चार तास वाचवण्याचे मोल किती, याचा याहून रोकडा हिशोब दुसरा सापडणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. राष्ट्राने आपल्या हद्दीचे रक्षण करायचे नाही का? कोला द्वीपकल्पात सोव्हिएत अणुपाणबुड्यांचे तळ होते, कामचात्काला क्षेपणास्त्रांची चाचणी होई, आणि अमेरिकेची टेहळणी विमाने त्याच हवेच्या कडेकडेने घिरट्या घालत. मॉस्कोचा संशय हवेतून आलेला नव्हता. पण त्या संशयाने काय घडवले हेही पाहायला हवे. २० एप्रिल १९७८ रोजी पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे बोइंग ७०७ ध्रुवीय प्रदेशात दिशा चुकले, वळून उलटे आले आणि मुरमान्स्कच्या बाजूने सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने त्यावर मारा केला. दोन प्रवासी मेले. वैमानिकाने मोडके विमान कारेलियातल्या गोठलेल्या तळ्यावर उतरवले म्हणून बाकीचे वाचले. १ सप्टेंबर १९८३ ला तशी संधी मिळाली नाही. न्यूयॉर्कहून निघून अँकरेजला थांबलेले त्याच कंपनीचे बोइंग ७४७ आपल्या वाटेपासून हळूहळू शेकडो किलोमीटर भरकटले, कामचात्कावरून गेले आणि सखालीनजवळ पाडले गेले. २६९ माणसे मेली. मॉस्कोने आधी काही ठाऊक नसल्याचे सांगितले, मग कबुली दिली, आणि ध्वनिमुद्रणे सापडूनही जवळजवळ दहा वर्षे लपवून ठेवली. ती बाहेर आल्यावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौकशीत कारण निघाले ते असे: स्वयंचालक यंत्रणा ठरल्या वाटेशी जोडली जाण्याऐवजी एकाच दिशेला धरून ठेवलेली राहिली होती, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या घटनेनंतर अमेरिकेने उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले, आणि १९८४ मध्ये नागरी विमानांवर शस्त्र न चालवण्याचे कलम शिकागो करारात घालण्यात आले. हद्दीचे रक्षण हा हक्क मी मान्य करतो. पण रक्षण आणि वाट अडवणे या एकाच गोष्टी नव्हेत. १९७० पासून ठरलेल्या मार्गांवरून परकी विमाने सायबेरिया ओलांडतच होती आणि त्यामुळे सोव्हिएत सुरक्षेचे काही बिघडले नव्हते. वाट टाळून कडेने जावे लागणाऱ्या विमानाला मात्र एक चूक म्हणजे मरण होते.

त्याच १९८३ सालच्या २२ एप्रिलला, सखालीनच्या घटनेच्या चार महिने आधी, फिनएअरने हेलसिंकी ते टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ती पहिलीच कंपनी. त्यासाठी डीसी-१० विमानात इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या, बर्फावर उतरावे लागलेच तर म्हणून जगण्याचे साहित्य बरोबर होते. फिनलंडहून उत्तरेला, ध्रुवावरून, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली टोकियोला. शेजारच्या रशियाला पूर्ण वळसा. उत्तर ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांना मिळे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉस्कोने सायबेरियावरून विनाथांबा जाऊ दिले आणि ते तेरा तास साडेनऊवर आले. छोट्या फिनलंडने आपली सगळी विमानसेवा मग या दोऱ्याभोवती उभी केली. युरोपातल्या कोणत्याही शहरातून जपान, चीन किंवा कोरियाला जाताना हेलसिंकी जवळजवळ वाटेवरच पडते. चोवीस तासांत जाऊन परत येता येत असल्याने एकच विमान रोज तीच फेरी करू शके. देशाच्या जागेलाच भांडवल करण्याचा हा धाडसी व्यवहार होता. त्या भांडवलाची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि २८ फेब्रुवारीला रशियाने ३६ देशांच्या विमानांना आपली. ९ मार्चला फिनएअरने टोकियोची सेवा पुन्हा सुरू केली ती ध्रुवावरून. प्रवाशांना पुन्हा प्रमाणपत्र मिळाले. आता विमान होते एअरबस ए-३५०: कार्बन तंतूंचे शरीर, दोनच इंजिने, डीसी-१०च्या मानाने फार कमी इंधन पिणारे. आणि वेळ? तेरा तास. यंत्रांच्या सुधारणेनेच अंतरे आखडली, असे म्हणणाऱ्यांपुढे मी हा दाखला ठेवीन. एकोणचाळीस वर्षांच्या दोन टोकांची दोन विमाने, तीच दोन शहरे, तेच बंद दार, आणि घड्याळात जवळपास तोच आकडा. सुधारणेने इंधन वाचवले, आवाज कमी केला, सुरक्षितता वाढवली, आणि हे थोडे नाही. पण ८,००० किलोमीटरांच्या आतला दोरा साधारण १२,९०० किलोमीटरांचा झाला, तेव्हा तेच नवे विमान जुन्या वाटेपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक इंधन जाळू लागले. फिनएअरची काही मोठी विमाने पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीसाठी उडू लागली, कारण त्यांच्यासाठी आखलेली वाटच उरली नव्हती. युरोपने आपली हद्द बंद केली ती योग्यच केली, असे मला वाटते. शेजारी देश गिळायला निघालेल्या राज्याला नेहमीसारखी ये-जा करू देणे हे चार तासांच्या तोट्याहून वाईट ठरले असते. चार तास गेले ते त्या युद्धाच्या खात्यावर लिहायचे.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि तो जाणकार माणसाचा आहे. जपानवर उंचावरून पश्चिमेचे प्रचंड वेगवान वारे वाहतात हे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजले होते. त्यांनी ते एस्पेरांतो भाषेत छापले म्हणून जगाच्या ध्यानात उशिरा आले. वारा वेळ बदलतो यात वाद नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही वाट अटलांटिकवरून काढून प्रशांत महासागरावरून नेली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीशी वारा मिळाल्याने प्रवास दीडएक तासांनी घटला. ‘लांबची वाट जवळची’ याचे इतके शुद्ध उदाहरण विरळा. पण हे करता आले कारण दोन्ही वाटा एअर इंडियाला मोकळ्या होत्या. वारा पाहून निवड करण्याची मुभा ज्याला आहे त्यालाच वाऱ्याचा फायदा होतो. फिनएअरचा वैमानिकही आज वारा पाहतो, पण ध्रुवावरचा फेरा की मध्य आशियातून दक्षिणेचा फेरा, एवढेच त्याला निवडायचे असते.

चिनी कंपन्यांची विमाने अजूनही युरोपातून सायबेरियावरून सरळ घरी जातात. एअर इंडियाही रशियावरून उडते, आणि त्याची जोखीम जून २०२३ मध्ये दिसली, जेव्हा दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले तिचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरले आणि प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथे रात्र काढावी लागली. आपल्याला बंद दारही माहीत आहे. २०१९ मध्ये काही महिने, आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा, पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली. मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानापुढे अरबी समुद्र पसरलेला आहे आणि समुद्रावरची हवा कोणाची नाही, म्हणून मुंबईकराचे नुकसान त्या मानाने थोडे झाले. दिल्लीपुढे मात्र जमीन आहे. एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोने दिल्ली ते ताश्कंद विमानसेवा थांबवली, कारण वळसा घालून तिथे पोचणे तिच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेले. ताश्कंद दिल्लीहून सरळ सुमारे १,६०० किलोमीटरांवर आहे. तिरुवनंतपुरम २,२०० किलोमीटरांवर आहे, आणि तिथे तीच विमाने रोज जातात.